धरणीची साक्ष

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २०२५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ३० तारखेस, इतर राष्ट्रांच्या बरोबरीने आपल्याही अण्वस्त्रांच्या चाचण्या सुरू करण्याचा आदेश दिल्याचे जाहीर केले, तेव्हा साऱ्या जगाने कान टवकारले. १९९२ पासून त्या देशाने एकही अणुस्फोट केलेला नाही. या चाचण्यांत प्रत्यक्ष अणुस्फोट होणार नाही, असा खुलासा त्यांच्याच ऊर्जामंत्र्यांनी दोन-चार दिवसांत केला आणि प्रकरण तात्पुरते निवळले. परंतु त्या गदारोळात अध्यक्षमहाशय एका मुलाखतीत जे बोलून गेले, त्याकडे जावे तितके लक्ष गेले नाही. रशिया आणि चीन जमिनीच्या पोटात खोलवर चाचण्या करतात, तेथे काय घडते ते लोकांना नीट कळत नाही, फार तर थोडासा हादरा जाणवतो, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. उभय देशांनी हा आरोप नाकारला.

आमच्या मते या ‘थोड्याशा हादऱ्या’तच साऱ्या प्रश्नाचे मर्म साठवलेले आहे. हादरा कशाचा, कोठला आणि केवढा, हे सांगणारे एक शास्त्र गेल्या सहा-सात दशकांत सिद्ध झाले आहे. त्या शास्त्राची शक्ती किती आणि मर्यादा किती, याची स्पष्ट कल्पना सुशिक्षित नागरिकाला नसेल, तर अमुक देशाने चोरून स्फोट केला की नाही, आणि आपल्या देशाने पुन्हा स्फोट करावा की नाही, या दोन्ही प्रश्नांवरचे त्याचे मत दुसराच कोणी तरी बनवील. हे प्रश्न इतके गंभीर आहेत, की त्यांची उत्तरे उसन्या मतावर सोडून चालणार नाही.

हादऱ्याची भाषा

जमिनीखाली अणुस्फोट झाला की लगतच्या खडकाची क्षणार्धात वाफ होते, त्यापलीकडचा वितळतो, त्याच्याही पलीकडचा चुरडतो आणि मग तो धक्का लहरींच्या रूपाने पृथ्वीच्या पोटातून चोहोकडे धाव घेतो. स्फोटाच्या एकंदर ऊर्जेपैकी फारच थोडा अंश या लहरींच्या वाट्याला येतो. परंतु हजारो मैलांवरच्या संवेदनशील यंत्राला तेवढा पुरतो. १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाच्या युरोपात झालेल्या नोंदी तपासताना, भारताच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड ओल्डहॅम यांना या लहरींचे तीन प्रकार प्रथम स्पष्टपणे ओळखू आले. पहिली लहर दाबाची. ती सर्वांत वेगवान, आणि ध्वनीप्रमाणे खडकाला पुढे-मागे दाबीत जाणारी. दुसरी खडकाला आडवे हलवीत येणारी. तिसरी पृष्ठभागालगत संथपणे सरकत येणारी. आजचे सारे शास्त्र या तीन लहरींच्या वाचनावर उभे आहे.

कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्या महाराष्ट्राने सोसला, त्याला भूकंपमापकावरच्या रेघा अपरिचित नाहीत. मात्र भूकंपाची रेघ आणि स्फोटाची रेघ यांत फरक असतो. भूकंपात भूस्तराचे दोन भाग एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे पहिला धक्का काही दिशांना ढकलणारा तर काही दिशांना ओढणारा असतो. स्फोट मात्र सर्व दिशांना ढकलतोच. शिवाय स्फोटात दाबाची लहर जोरकस आणि पृष्ठलहर त्या मानाने दुबळी निघते; भूकंपात बहुधा याच्या उलट. भूकंपाचे मूळ अनेकदा कित्येक मैल खोल असते, आणि इतक्या खोलीवर बॉम्ब पुरण्याजोगे भोक आजवर कोणी पाडलेले नाही. या खुणांच्या आधारे भूकंप कोणता आणि स्फोट कोणता, हे बहुतेक प्रसंगी निःशंकपणे सांगता येते.

परंतु ओळख पटली म्हणजे वजन कळले असे नव्हे. खरी अडचण येथूनच सुरू होते. आपण बोलण्यात ज्याला ‘रिश्टर’ म्हणतो, त्या धर्तीचा एक अंक शास्त्रज्ञ या रेघांवरून काढतात. हा अंक सरळ मोजपट्टीवरचा नसतो. तो एकाने वाढला, तर यंत्रावरच्या रेघेची उंची दसपट झालेली असते. आणि स्फोटाचे सामर्थ्य त्याहूनही अधिक, म्हणजे सुमारे वीसपट वाढलेले असते. हे सामर्थ्य किलोटनांत मोजतात. एक किलोटन म्हणजे एक हजार टन टी.एन.टी. या स्फोटक द्रव्याएवढी शक्ती. हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा होता. या चढत्या पायरीचा परिणाम असा, की अंकात केवळ ०.३ इतका फरक पडला तरी किलोटनांचा हिशेब अडीचपटीने चुकतो.

त्यातून हा हिशेब सर्व भूमींना सारखा लागू पडत नाही. शेजारच्या खोलीत कोणी भिंतीवर थाप मारली, तर ती केवढ्या जोराची होती हे सांगण्यापूर्वी मधली भिंत दगडाची आहे की कुडाची, हे ठाऊक असावे लागते. कठीण ग्रॅनाइटात केलेला स्फोट लहरींना बळ देतो. कोरड्या, भुसभुशीत गाळात केलेला तेवढाच स्फोट जणू उशीत मारलेल्या बुक्कीसारखा विरून जातो. स्फोट किती खोल केला, खडक ओला होता की कोरडा, वाटेत भूगर्भाचे तापमान काय, या साऱ्यांचा त्या अंकावर परिणाम होतो. तात्पर्य, अंक यंत्र देते. किलोटन मात्र माणसाने निवडलेले सूत्र देते. आणि जेथे निवड आली, तेथे राजकारणाला दार उघडे झाले.

अडीचशे मैलांची गोष्ट

हे दार किती लवकर उघडले, याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. १९ सप्टेंबर १९५७ रोजी अमेरिकेने नेवाडाच्या वाळवंटात ‘रेनिअर’ नावाचा १.७ किलोटनांचा स्फोट केला. पूर्णपणे जमिनीखाली कोंडलेला तिचा हा पहिलाच अणुस्फोट. पुढल्या वर्षीच्या मार्च महिन्यात तेथील अणुशक्ती आयोगाने जाहीर केले की, या स्फोटाचा हादरा अडीचशे मैलांपलीकडे नोंदला गेला नाही. त्याचा अर्थ उघड होता. अडीचशे मैलांवर हादरा विरत असेल, तर अफाट विस्ताराच्या रशियावर पाळत ठेवण्यास असंख्य ठाणी लागणार, ती तो देश कदापि मान्य करणार नाही, आणि म्हणून चाचणीबंदीचा करार ही भाबडी कल्पना ठरणार.

वॉशिंग्टनमध्ये स्वतःचे छोटेसे साप्ताहिक चालवणारे पत्रकार आय. एफ. स्टोन यांना, स्फोटाच्या सुमारास दूरदूरच्या शहरांतून हादऱ्याच्या नोंदीच्या बातम्या आल्या होत्या, हे स्मरत होते. ते उठले आणि सरकारच्याच भूकंपनोंदी ठेवणाऱ्या खात्यात जाऊन चौकशी करते झाले. तेथील शास्त्रज्ञांनी नोंदी पुढे ठेवल्या. अलास्कातील फेअरबँक्स येथे, म्हणजे दोन हजार मैलांहून अधिक अंतरावर, तो हादरा स्वच्छ नोंदला गेला होता. आयोगाला आपले निवेदन दुरुस्त करावे लागले. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही, ही आपल्याकडची म्हण त्या आयोगाच्या कानी गेली नसावी.

त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे पूर्व आणि पश्चिम गटांचे तज्ज्ञ एकत्र बसले आणि सुमारे १६० ते १७० भूठाण्यांचे जाळे उभारले तर चाचण्यांवर नजर ठेवता येईल, असा अहवाल त्यांनी दिला. चाचण्या स्थगित करण्याचे आवाहन पंडित नेहरूंनी त्याआधी चार वर्षे, एप्रिल १९५४ मध्ये, लोकसभेत केले होते. जगाला आता ते शक्य कोटीतले वाटू लागले. परंतु घोडे अडले ते शंकास्पद हादऱ्यांच्या जागेवर जाऊन तपासणी करण्याच्या प्रश्नावर. अमेरिका वर्षाकाठी सात तपासण्यांखाली उतरेना आणि रशिया तीनच्या वर चढेना. अखेर ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत करार झाला. त्याने हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात होणाऱ्या चाचण्यांना बंदी केली, जमिनीखालच्या तेवढ्या वगळल्या. भारताने त्यावर लगोलग सही केली. सात आणि तीन यांमधल्या चार तपासण्यांवर मानवजातीची एक मोठी संधी हुकली, आणि पुढली तीन दशके बॉम्ब भूमिगत होऊन वाढत राहिले.

एक लाभ मात्र झाला. स्फोट ओळखण्याच्या गरजेपोटी भूकंपशास्त्रावर पैसा खर्च होऊ लागला. एकाच बनावटीच्या यंत्रांची शंभरावर ठाणी जगभर बसली. त्यांतले एक पुण्यात होते. १९६५ मध्ये कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे ब्रिटिश सहकार्याने भूकंपमापकांची एक मोठी रांग उभी राहिली, आणि तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तेथे दूरदूरच्या देशांतले स्फोट टिपू लागले. पृथ्वीचे कवच अनेक फलकांचे बनलेले असून ते फलक सरकत असतात, हा सिद्धांत पक्का होण्यासही याच जाळ्यातील नोंदींचे मोठे साहाय्य झाले.

एका स्थिरांकाचे राजकारण

सूत्राच्या निवडीने केवढा अनर्थ होऊ शकतो, हे त्यानंतरच्या दोन दशकांत दिसले. ३ जुलै १९७४ रोजी निक्सन आणि ब्रेझनेव्ह यांनी, १५० किलोटनांपेक्षा मोठा स्फोट जमिनीखालीही करावयाचा नाही, असा करार केला. आता प्रश्न स्फोट झाला की नाही हा उरला नव्हता. तो १५० च्या आत होता की बाहेर, हा होता. म्हणजे सारा भार किलोटनांच्या हिशेबावर आला.

अमेरिकेजवळ सूत्र होते ते मुख्यतः नेवाडाच्या अनुभवावरून बसवलेले. नेवाडाखालचा भूगर्भ तप्त आणि काही अंशी वितळलेला आहे, तेथून निघालेली लहर वाटेतच मलूल होते. कझाकस्तानातील सेमिपालातिन्स्क येथील रशियन चाचणीक्षेत्राखालचा भूभाग प्राचीन, थंड आणि कठीण. तेथून निघालेली लहर खणखणीत बाहेर पडते. परिणाम असा, की १५० किलोटनांचा स्फोट नेवाडात झाला तर अंक ढोबळ मानाने ५.७ येतो, आणि सेमिपालातिन्स्कला झाला तर ६.१ च्या आसपास. हा ६.१ अंक नेवाडाच्या सूत्रात घातला की उत्तर येते जवळजवळ ५०० किलोटन. प्रामाणिकपणे करार पाळणारा देश कागदावर तिपटीने गुन्हेगार ठरतो.

आणि तसेच झाले. जानेवारी १९८४ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात, रशियाने या मर्यादेचा भंग केल्याचा संभव असल्याचे नमूद केले. लिन साइक्स यांच्यासारखे अमेरिकेतीलच भूकंपशास्त्रज्ञ ही चूक भूगर्भातील फरकाची आहे, हे ओरडून सांगत होते. परंतु शीतयुद्धाच्या कोलाहलात भूशास्त्राचा आवाज कितीसा ऐकू येणार? करार मंजुरीवाचून पडून राहिला. ज्याला रशियावर विश्वास ठेवावयाचा नव्हता त्याला नेवाडाचे सूत्र सोयीचे होते, एवढाच त्याचा अर्थ.

वाद मिटला तो अधिक चांगल्या सूत्राने नव्हे, तर दार उघडल्याने. १९८६ मध्ये अमेरिकेतील एका खाजगी संस्थेने रशियन विज्ञान अकादमीशी करार करून सेमिपालातिन्स्कच्या भोवती आपली यंत्रे बसवली. १९८८ मध्ये उभय सरकारांनी एकमेकांच्या चाचणीक्षेत्रावर एकेक स्फोट संयुक्तपणे मोजला, १७ ऑगस्टला नेवाडात आणि १४ सप्टेंबरला सेमिपालातिन्स्कला. स्फोटाशेजारच्या भोकातून सोडलेल्या तारेने सामर्थ्य जागेवरच मोजले आणि दूरच्या ठाण्यांचे अंक त्याच्याशी ताडून पाहिले. भिंत दगडाची की कुडाची, हे पलीकडे जाऊन पाहिल्यावर वादाला जागाच राहिली नाही. अमेरिकी काँग्रेसच्या तंत्रज्ञानविषयक कार्यालयानेही त्याच वर्षी रशियाने मर्यादा पाळली असल्याचा निर्वाळा दिला, आणि १९७४ चा करार डिसेंबर १९९० मध्ये अमलात आला. एका स्थिरांकाने सोळा वर्षे खाल्ली.

शास्त्राच्या मर्यादाही येथेच सांगितल्या पाहिजेत. प्रचंड पोकळीत स्फोट केला तर लहर दुबळी होते. ३ डिसेंबर १९६६ रोजी मिसिसिपीतील मिठाच्या थरात, आधीच्या स्फोटाने पडलेल्या पोकळीत ०.३८ किलोटनांचा प्रयोग झाला, तेव्हा लहर सुमारे सत्तरपटीने क्षीण झाली. मात्र स्फोट जसा मोठा तशी पोकळीही मोठी लागते, ती खणताना निघणारा ढिगारा उपग्रहापासून लपवावा लागतो आणि किरणोत्सारी वायू निसटू द्यावयाचा नसतो. तेव्हा अगदी लहान स्फोटांपलीकडे ही लबाडी कठीण आहे. दुसरे उदाहरण उत्तर कोरियाचे. ३ सप्टेंबर २०१७ रोजी त्या देशाने पुंग्ये-री येथे केलेला स्फोट जगातील प्रत्येक चांगल्या यंत्राने टिपला. तो झाला याविषयी तिळमात्र शंका नव्हती. परंतु दक्षिण कोरियाचा पहिला अंदाज ५० किलोटनांचा होता, जपानने आपला आकडा वाढवीत १६० वर नेला, नॉर्वेच्या संस्थेने पुढे २५० सांगितला. आणि उपग्रहांनी टिपलेल्या डोंगराच्या सरकण्यावरून केलेल्या अभ्यासात १२० ते ३०४ अशी विस्तृत मर्यादा आली. धरणीने साक्ष एकच दिली होती. तिचा अर्थ लावणाऱ्यांपैकी काहींनी एक आकडा दिला आणि काहींनी आकड्याबरोबर शंकेची मर्यादाही दिली. आमच्या मते प्रामाणिक उत्तर दुसऱ्यांचे होय.

पोखरणचा हिशेब

आता घरच्या प्रश्नाकडे वळू. ११ मे १९९८ रोजी पोखरण येथे भारताने एकाच क्षणी तीन अणुस्फोट केले आणि त्यांचे सामर्थ्य ४५, १५ आणि ०.२ किलोटन असल्याचे जाहीर केले. त्यांतला पहिला हायड्रोजन बॉम्बच्या तत्त्वावरचा होता. १३ मे रोजी आणखी दोन छोटे स्फोट झाले. अमेरिकेच्या भूशास्त्रीय खात्याने ११ मेच्या हादऱ्याचा अंक ५.२ असा दिला, आणि टेरी वॉलेस प्रभृती परदेशी भूकंपशास्त्रज्ञांनी त्यावरून तिन्ही स्फोट मिळून १० ते १५ किलोटनांच्या घरातले असावेत, असा निष्कर्ष काढला. साठ आणि पंधरा यांमध्ये चौपटीचे अंतर आहे.

भाभा अणुसंशोधन केंद्रातील सिक्का, रॉय आणि नायर यांनी याला शास्त्रीय नियतकालिकातून उत्तर दिले. दोन मोठे स्फोट सुमारे एक किलोमीटर अंतरावर एकाच क्षणी झाल्यामुळे काही दिशांना त्यांच्या लहरी परस्परांना मारक ठरल्या. सर्व दिशांच्या नोंदी नीट विचारात घेतल्या, आणि १९७४ च्या पोखरण स्फोटाशी तुलना केली, तर जाहीर आकडा बरोबर ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्फोटस्थळाखालून काढलेल्या नमुन्यांच्या किरणोत्साराच्या तपासणीतूनही केंद्राने हायड्रोजन बॉम्बचे सामर्थ्य ५० किलोटन, दहा इकडे-तिकडे, असे काढले. यावर टीकाकारांचे म्हणणे असे की, तुलनेचे माप मानलेल्या १९७४ च्या स्फोटाच्या १२ किलोटनांबद्दलच दुमत आहे. २००९ मध्ये तर चाचणीस्थळाच्या व्यवस्थेत प्रमुख सहभाग असलेले संरक्षण संशोधन खात्याचे के. संथानम यांनी, हायड्रोजन बॉम्ब अपेक्षेप्रमाणे फुटलाच नाही, असे जाहीरपणे सांगितले. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष पी. के. अय्यंगार यांनीही शंका व्यक्त केल्या होत्या. डॉ. चिदंबरम आणि डॉ. काकोडकर यांनी हे आक्षेप ठामपणे फेटाळले.

या वादात कोण खरा, याचा निवाडा वृत्तपत्राच्या कचेरीत बसून करणे हास्यास्पद होईल. परंतु हा वाद कोठे अडला आहे, हे वाचकाला स्वतः पाहता येईल. ५.२ हा अंक घ्या. सेमिपालातिन्स्कच्या सूत्राने त्याचे १० किलोटन होतात. नेवाडाच्या सूत्राने ३८. अंक थोडा वाढवून ५.४ धरा. पहिल्या सूत्राने १८, दुसऱ्याने ६७. तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी थाप मारली असे म्हणणारा जितका उतावळा, तितकाच परदेशी शास्त्रज्ञांनी द्वेषापोटी आकडा कमी केला असे म्हणणारा. थरच्या वाळवंटाखालचा भूगर्भ या दोन टोकांमध्ये नेमका कोठे बसतो, हा खरा प्रश्न आहे. आणि तो देशभक्तीने सुटणारा नव्हे. रशियाच्या बाबतीत तो ज्या मार्गाने सुटला, त्याच मार्गाने तो सुटेल. जवळच्या यंत्रांच्या मूळ नोंदी, खडकाची परीक्षणे, स्फोटांची खोली आणि अंतरे त्या विषयाच्या जाणकारांपुढे ठेवावयास हवीत.

येथे गुप्ततेचा आक्षेप घेतला जाईल. तो सर्वस्वी निराधार नाही. किरणोत्सारी नमुन्यांच्या पूर्ण आकड्यांतून बॉम्बच्या रचनेबद्दल काही तरी उकलता येत असेल, तर ते झाकलेले राहू द्यावे. परंतु भूकंपमापकाच्या रेघेत बॉम्बचा आराखडा नसतो. तिच्यात हादरा असतो. अणुऊर्जा खात्याबाहेरच्या, परंतु विश्वासास पात्र अशा भारतीय भूकंपशास्त्रज्ञांची आणि पदार्थविज्ञान जाणणाऱ्यांची एक समिती नेमून तिच्यापुढे या नोंदी ठेवण्यास, आणि तिचा निष्कर्ष शंकेच्या मर्यादेसह प्रसिद्ध करण्यास कोणता धोका आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मुत्सद्द्यांचे तत्त्व काही काळ चालते. मात्र जी मूठ आतल्याच माणसांनी अर्धवट उघडून दाखवली आहे, तिची किंमत झाकून ठेवल्याने वाढत नाही.

आकडा आणि निर्णय

हा वाद आम्ही आज उकरून काढीत नाही. तो आपणहून दाराशी येणार आहे. अमेरिकेने, रशियाने अथवा चीनने प्रत्यक्ष स्फोट केला, तर दुसऱ्याच दिवशी आपल्याकडे मागणी उठेल की, १९९८ चा हायड्रोजन बॉम्ब संशयास्पद आहे, म्हणून भारतानेही आपण होऊन पाळलेली स्थगिती झुगारून पुन्हा चाचणी करावी. अशा वेळी भावनेच्या भरात निर्णय घेतला जाऊ नये, यासाठी विचार शांततेच्या काळात करावयाचा असतो.

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. पोखरणचा आकडा ४५ असो की त्याहून बराच कमी असो, ते पुन्हा स्फोट करण्याचे कारण होऊ शकत नाही. १५ किलोटनांनी हिरोशिमाचे काय झाले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला भारताची जरब एका बॉम्बच्या किलोटनांवर टांगलेली आहे असे वाटणार नाही. उलट चाचण्यांची लाट पुन्हा उसळली, तर तिचा अधिक लाभ आपल्या शेजाऱ्याला होईल. अमेरिकेने हजाराहून अधिक स्फोट केले आहेत, चीनने ४५. ज्याच्या अनुभवाची वही अर्धी कोरी आहे त्यालाच ती भरण्याची घाई असते; अशा शेजाऱ्याला निमित्त पुरवणे हे शहाणपण नव्हे.

१९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी करारावर भारताने सही केली नाही. अण्वस्त्रधारी राष्ट्रांवर निःशस्त्रीकरणाचे बंधन न घालता इतरांना तेवढे बांधणारा करार, हा आपला आक्षेप तेव्हा रास्त होता आणि आजही तो खोटा ठरलेला नाही. अमेरिकेच्या सिनेटने १९९९ मध्ये त्या करारास मंजुरी नाकारली. रशियाने दिलेली मंजुरी २०२३ मध्ये परत घेतली. करार अमलात आलाच नाही. परंतु त्यासाठी आखलेले तीनशेहून अधिक ठाण्यांचे जाळे मात्र बहुतांशी उभे आहे, आणि उत्तर कोरियाचा प्रत्येक स्फोट त्याने टिपला. कागद निर्जीव असताना यंत्रणा मात्र जिवंत असावी, असा हा चमत्कारिक प्रकार आहे. करारावर सही न करताही या जाळ्याशी सहकार्य करण्याचा, गौरीबिदनूरच्या नोंदी त्याला देण्याचा आणि त्याच्या नोंदी घेण्याचा विचार भारताने करावयास हरकत नाही. चीनमध्ये खरोखर स्फोट झाला की नाही, हे ट्रम्प महाशयांच्या मुलाखतीवरून ठरवण्यापेक्षा आपल्या आणि जगाच्या यंत्रांवरून ठरवणे केव्हाही बरे. जो दुसऱ्याच्या जमिनीतला हादरा वाचू इच्छितो, त्याने आपल्या जमिनीतला हादरा वाचावयास देण्याची तयारी ठेवली पाहिजे.

नागरिकांनाही एक सवय लावून घ्यावी लागेल. पुढे केव्हाही कोणत्याही सरकारने किलोटनांचा आकडा जाहीर केला, मग तो स्वतःच्या पराक्रमाचा असो की शत्रूच्या लबाडीचा, तर दोन प्रश्न विचारावयाचे. हा आकडा कोणत्या भूमीच्या सूत्राने काढला? आणि तो किती इकडे-तिकडे होऊ शकतो? १९५८ मध्ये एका पत्रकाराने सरकारी निवेदनाला अशीच एक साधी शंका विचारली आणि अडीचशे मैलांचे दोन हजार मैल झाले. आकडा सांगणाऱ्यापाशी या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर त्या आकड्यावर विसंबून युद्धाचा, कराराचा अथवा नव्या स्फोटाचा निर्णय होऊ देता कामा नये.